दाखल्यावरचा शब्द

"सतरंजी गुंडाळ आधी," भाऊसाहेब म्हणाले. "मग बसव यांना."

शिपायानं सतरंजी गुंडाळून भिंतीला उभी केली. मग आमाला आत बोलावलं. आमी सात बाया उघड्या फरशीवर बसलो. शिपाई आमच्याच वस्तीतला, गंगाराममामा. त्यानं मान वर केली न्हाई.

समोर खुर्च्यांवर पाच जण. पालिकेची सांस्कृतिक समिती. मधे भाऊसाहेब, समितीचे अध्यक्ष. पांढरी सफारी, बोटात दोन अंगठ्या.

"म्हणा," ते म्हणाले.

कौतिकाबाईनं आवाज लावला. दोन ओळी झाल्या असतील. भाऊसाहेबांनी हात वर केला.

"हे रडगाणं झालं. लावणी येते का?"

"आमी लावणी म्हणत न्हाई, साहेब."

"न म्हणायला काय झालं? तुमच्या लोकांच्या अंगातच असतं ते."

बाकीचे हसले. मोठ्यानं न्हाई. एकानं चष्मा काढून पुसला. मग भाऊसाहेबांनी माझ्याकडं बोट केलं. सातजणींत मीच लहान, तेवीस वर्षांची.

"तू उठ. तोंडाचं कळलं आम्हाला. पायांचं काय?"

मी कौतिकाबाईकडं बघितलं. ती फरशीकडं बघत होती. मी उठले. पदर खोचला. जत्रेत लांबून बघितलेली एक लावणी अर्धीमुर्धी म्हटली आणि पाय हलवले. चार पावलं पुढं, चार मागं.

"कंबर कुठं ठेवून आलीस?" चष्मेवाला म्हणाला.

मी कंबर हलवली.

हे मी लिहितेय, कारण पुढचं सगळं मी सांगितलं आणि हेच लपवलं, तर मी खोटी ठरेन. मला कुणी मारलं न्हाई. कुणी हात धरून उठवलं न्हाई. मला खोली पायजे होती, म्हणून मी नाचले.

खोली होती टेशनाच्या रस्त्याला, पालिकेच्या नव्या सभागृहात, स्टेजच्या मागं. गावातल्या कलावंतांना ती नाममात्र भाड्यानं तालमीला द्यायची, असा पालिकेनं ठराव केला होता. रिक्षाला कर्णा बांधून तसं सांगत फिरले. कलावंत असल्याचा दाखला तेवढा लागणार होता. तो समिती देणार, ऐकून आणि पारखून.

आमी जिनिंगमधल्या बाया. दिवसभर कापूस वाहायचा, घशात रुई घेऊन घरी यायचं. मंगळवारी सुट्टी. त्या दिवशी दुपारी कौतिकाबाईच्या दारात बसून गायचो. कौतिकाबाई माझ्या नवऱ्याची मावशी. तिला अक्षर येत न्हाई, पण गाणं जोडते. जाता येता जोडते. तिचं मूळ गाव पाथरीकडचं. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि त्या पावसाळ्यात आमच्या लोकांची घरं जाळली गेली, तवा तिचंही घर गेलं. नेसत्या लुगड्यानिशी ती आमच्याकडं आली. तिनं जोडलेलं गाणं असं होतं:

जळलं माझं घर, जळली चौकट गं बाई
नाव ओठावर हाय, त्याला आग लागत न्हाई

ठराव होऊन सात वर्षं झाली तरी नाव बदललं नव्हतं. मोर्चे निघायचे, आणि मोर्चा निघाला की गावात आमच्याशी बोलणं बंद. आमच्या वस्तीत चार माणसं एका जागी बसली की पोलीस येऊन विचारायचे, काय चाललंय. बाया गायला लागल्या की नाल्यापलीकडून पत्र्यावर दगड यायचा. एकच. कोण मारतंय ते दिसायचं न्हाई. दुसरा कधी येईल ह्याची वाट बघत आमी गायचो.

म्हणून खोली पायजे होती. चार भिंती, वर स्लॅब आणि हातात शिक्क्याचा कागद. पोलीस आला तर कागद दाखवायचा.

दाखला आठ दिवसांनी मिळाला. त्याआधी कारकुनानं अर्जावर सातजणींची नावं घेतली, नवऱ्यांची घेतली, घरनंबर घेतले, कोण कुठं कामाला ते घेतलं.

"एवढं कशाला पायजे?" मी विचारलं.

"सरकारी काम आहे, बाई."

आमी सगळं खरं सांगितलं.

कागद मी तिथंच वाचला. मी सातवी शिकलेली. कागदावर लिहिलं होतं, "तमाशा कलावंत. गाणे व नाचकाम." खाली शिक्का. शिक्क्याखाली अट, कोणतेही राजकीय गाणे म्हणू नये.

कौतिकाबाई ओसरीत थांबली होती. "काय लिहिलंय गं?"

मी म्हटलं, "गाणाऱ्या बाया, असं लिहिलंय."

तिनं कागद हातात घेऊन उलटा सुलटा बघितला. घडी करून पोलक्यात ठेवला. घरी पत्र्याच्या पेटीत ठेवला. कुणी आलं की काढून दाखवायची. "सरकारनं लिहून दिलं, आमी गाणाऱ्या." समोरच्यालाही वाचता यायचं न्हाई. आणि ज्याला यायचं तो काही बोलायचा न्हाई. मी तिथून उठून जायची.

खोली मिळाली. दर मंगळवारी दुपारी जायचो. आधी सभागृह झाडायचं, मग गायचं. झाडायचं दाखल्यात नव्हतं, पण किल्ली देताना कारकून झाडूही हातात द्यायचा. तरी खोलीत आवाज घुमायचा. पहिल्यांदा आपला आवाज भिंतीला लागून परत आलेला ऐकला, तवा सातजणींनी तीच ओळ परत म्हटली. असला आवाज आपला हाय, हे ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी खिडकीबाहेर एक मोटारसायकल लागली. वर बसलेला माणूस आत बघत न्हाई, नुसता ऐकतो. गाणं संपलं की जातो. पुढच्या मंगळवारी परत. खिडकी लावली तर दारापाशी येऊन थांबला. एकदा त्यानं खिशातनं वही काढली आणि लिहिलं. कौतिकाबाई म्हणाली, "लिहू दे. मला लिहिता येत न्हाई, कुणीतरी लिहिलं पायजेच." आमी हसलो. ते हसणं तेवढंच.

मग एकेक सुरू झालं. एकीच्या नवऱ्याला आडतवाल्यानं कामावरून काढलं. कारण सांगितलं न्हाई, फक्त म्हणाला, "बायकोला घरात ठेव." दुसरीच्या दारावर दोन अनोळखी माणसं येऊन उभी राहिली. तिचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं, घरनंबर मोठ्यानं वाचला आणि निघून गेली. तेवढंच केलं त्यांनी. ती बाई परत खोलीवर आली न्हाई.

गंगाराममामा एका सकाळी नळावर भेटला. इकडं तिकडं बघून म्हणाला, "पोरी, तुमच्या अर्जाची नक्कल हापिसातनं बाहेर गेलीया."

"कुणी नेली?"

"मला इचारू नको. मला पेन्शनीला तीन वर्षं हायत."

आमीच आमच्या हातानं यादी करून दिली होती. कुणाचं घर कुठं, कुणाचा नवरा कुठं सापडतो. खोलीच्या बदल्यात.

सातजणींतल्या तिघी राहिलो. मी, कौतिकाबाई आणि सरूबाई. सरूबाईला नवरा नव्हता, म्हणून तिला धमकावायचं कुणामार्फत, हे त्यांना सुचलं नसावं.

हिवाळ्यात पालिकेचं पत्र आलं. सभागृहाला वर्ष होणार, मुंबईहून पाहुणे येणार. पालिका लोककलेला आश्रय देते, हे त्यांना दाखवायचं. पत्र गंगाराममामानं आणून दिलं आणि लगेच निघून गेला. मी दारातच वाचलं. "दाखलाधारक कलावंतांनी तमाशा सादर करण्यासाठी साजशृंगारासह हजर राहावे. गैरहजर राहिल्यास सवलत रद्द."

कौतिकाबाई चुलीपाशी होती. "काय म्हणतात?"

मला परत खोटं वाचता आलं असतं. जीभ तयार होती. पण ती माझ्याकडं असं बघायली होती, कौतुकानं, शिकलेली सून म्हणून. मी खाली बसले आणि पत्र जसंच्या तसं वाचलं.

ती म्हणाली, "त्यांची चूक झालीया. आपला कागद दाखव त्यांना."

मी पेटीतनं दाखला काढला आणि तोही वाचला. नाचकामासकट.

भाकरी तव्यावर काळी झाली.

"तू मला खोटं वाचून दाखवलंस."

"व्हय."

"मी गावाला दाखवत फिरले."

"व्हय, मावशी."

"घर जाळलं त्यांनी, तवा मला कळत होतं कोण जाळायलंय." एवढं बोलून तिनं भाकरी उतरवली आणि चूल विझवली.

त्या दिवशी मला कळलं. भाऊसाहेबांनी मला नाचवलं, ते एकदा. मी कौतिकाबाईला नाचवत होते, रोज, पेटी उघडून. त्यांचा शब्द मी माझ्या तोंडानं झाकला होता. आमी धर्म बदलून तीस वर्षं होत आली, तरी गावाच्या तोंडात आमचं जुनंच, जातीचं नाव. आणि मी शिकलेली बाई, तसलंच आणखी एक नाव लिहून घेऊन आले होते, शिक्क्यासकट.

नवऱ्याला सगळं सांगितलं. नाचल्याचंही. तो भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "अर्ज लिही." त्याच्या मुकादमानं त्याला आठवडाभर आधीच सांगितलं होतं, बायकोला समजव म्हणून. ते त्यानं मला नंतर सांगितलं.

अर्जात दोनच ओळी लिहिल्या. आम्ही तमाशा कलावंत नाही, गायिका आहोत. दाखल्यावरचा शब्द बदलून मिळावा.

कारकुनानं अर्ज वाचला आणि मला आत भाऊसाहेबांकडं पाठवलं. त्यांनी बस म्हटलं न्हाई.

"एका शब्दानं काय बिघडलं तुमचं?" ते म्हणाले. "खोली मिळाली ना? गाता ना?"

"काही बिघडत नसेल तर बदला."

"रजिस्टरला चढलेलं बदलता येत नाही."

"चढवलं माणसानंच न्हवं?"

त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला. आवाज खाली आणला. आतापर्यंत ते माझ्याशी ओरडून बोलत होते, तवा मला भीती वाटली न्हाई. आवाज खाली आला तशी वाटली.

"हे बघ. त्या विद्यापीठाचंही असंच चाललंय. नाव बदला, नाव बदला. काय झालं? माणसं सुखानं राहत होती. एका नावापायी घरं गेली. तुला लेकरंबाळं आहेत ना?"

"माझं घर न्हाई गेलं, साहेब. कौतिकाबाईचं गेलं. ती बाहेर उभी हाय. तिला आत बोलवा आणि हे तिला सांगा."

ते दाराकडं बघायला लागले. दार अर्धं उघडं होतं. कौतिकाबाईचं लुगडं दिसत होतं. त्यांनी तिला बोलावलं न्हाई. मीही हलले न्हाई. पंखा फिरत होता. कागद उडू नये म्हणून त्यांनी माझ्या अर्जावर हात ठेवला होता.

"कार्यक्रमाला या," ते शेवटी म्हणाले. "मग बघू."

"येणार न्हाई. शब्द बदलल्याशिवाय त्या स्टेजवर पाय ठेवणार न्हाई. आणि पाय ठेवला तरी तो गायला."

"विचार करून बोल."

"मागच्या वेळी विचार करून नाचले होते," मी म्हटलं आणि बाहेर आले.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी वस्तीच्या तोंडाशी जीप आली. ड्रायव्हरच्या शेजारी तोच मोटारसायकलवाला. त्याच्या मांडीवर कापडात बांधलेले घुंगरू. मागं पोलिसांची गाडी उभी. दारं पटापट लागली. मोकळ्या जागेत आमी तिघी.

"बसा," तो म्हणाला. "तमाशावाल्या कोण हायत?"

कौतिकाबाई पुढं झाली. "तमाशावाल्या मोठ्या कलावंत असत्यात. तशा हितं कुणी न्हाईत. आमी गाणाऱ्या. तुमचा कागद चुकलाय."

त्यानं घुंगरांचं गाठोडं आमच्या पायाशी टाकलं. आमच्यातली एकही वाकली न्हाई. तो उतरला. माझ्या अगदी जवळ आला. माझं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं, घरनंबर सांगितला. माझ्या दोन्ही लेकरांची नावंही सांगितली. ती तर मी कारकुनाला सांगितली नव्हती.

मग त्यानंच वाकून गाठोडं उचललं. जीप गेली. पोलिसांची गाडी संध्याकाळपर्यंत तिथंच होती, आमच्याकडं तोंड करून.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. जिनिंगमधून मला काढलं. नवऱ्याला दुसऱ्या महिन्यात. तो आता सेलूला हमाली करतो, आठवड्यानं येतो. खोलीला कुलूप लागलं. पालिकेच्या फलकावर कागद लागला, "स्थानिक कलावंतांचा प्रतिसाद नसल्याने सवलत बंद करण्यात येत आहे." तो मी उभी राहून वाचला आणि कौतिकाबाईला वाचून दाखवला, एकही शब्द न बदलता. खोलीत आता सिमेंटची पोती हायत. आमच्या अर्जाला उत्तर आलं न्हाई. सरूबाईच्या छपराच्या मागं एका पहाटे जळालेल्या चिंध्यांचा बोळा सापडला. आपोआप विझलेला. की कुणी मुद्दाम विझवून ठेवलेला, आमाला दिसावा म्हणून, ते कळलं न्हाई.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल अजून लागलेला न्हाई. गावात परत बोलणं बंद व्हायला लागलंय. दुकानदार पुडी हातात न देता फळीवर ठेवायलाय. त्या पावसाळ्याआधी असंच होतं, असं कौतिकाबाई म्हणते.

येत्या मंगळवारी आमी तिघी सभागृहाच्या पायऱ्यांवर बसणार हाव, बाजाराच्या वेळेला, सगळ्यांसमोर. परवानगी मागितलेली न्हाई. सभागृह गावाचं हाय आणि आमी गावातल्या हाव. कौतिकाबाई गाणं सुरू करणार, मी आणि सरूबाई झील धरणार. कुणी उठ म्हटलं तर उठायचं न्हाई. एकीला उचलून नेलं तर उरलेल्या दोघींनी तिथूनच पुढं म्हणायचं. दोघींना नेलं तर एकीनं. गाणं मधे तोडायचं न्हाई, एवढं आमचं ठरलंय.