पकडबाई

पकडबाई दारात उभ्या राहून प्रत्येकीशी हात मिळवायच्या. नमस्कार त्यांना चालत नसे. मुलुंड पूर्वेला त्यांच्या तळमजल्यावरच्या घरी आम्ही बायका दुपारी इंग्रजी बोलायला शिकायला जमायचो. आमच्यातल्या निम्म्या जणींनी आयुष्यात कुणाशी शेकहँड केला नव्हता. बाई हात हातात घेत आणि सोडायच्या आधी विचारत, "आज कोणता?" नुसता धरलेला असला तर होल्ड. आवळून धरला तर ग्रिप. दोन्ही तळव्यांत मिटून घेतला तर क्लास्प. ओळखलं की आत प्रवेश.

नाव आम्हीच ठेवलेलं, अर्थात त्यांच्या मागे. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "ठेवलंत ते ठेवलंत. आता तेच इंग्रजीत सांगा बघू." कुणालाच सांगता आलं नाही. त्यावर खुशीत येऊन त्यांनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं.

नोकरीत असताना बाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. यजमान गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्यांनी हा वर्ग सुरू केला. मी तेव्हा घाटकोपरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नर्स होते. अंधेरीच्या मोठ्या रुग्णालयात जायची फार इच्छा होती, पण तिथली मुलाखत इंग्रजीतून. एकदा जाऊन तोंड उघडता न आल्यामुळे परत आले होते. वाचलेलं सगळं कळायचं, बोलायची वेळ आली की सगळे शब्द पळून जायचे.

"डोक्यात ठेवलेला शब्द ऐनवेळी सापडत नाही गं," बाई म्हणायच्या. "हातात ठेव." त्यांचा वर्ग अर्धा स्वयंपाकघरातच चाले. सांडशीनं गरम पातेलं उचलायचं, चिमटीत मोहरी धरायची, पिळून लिंबाचा रस काढायचा, आणि प्रत्येक वेळी हात काय करतोय ते इंग्रजीत सांगायचं. "नारळ सोलताना ग्रिप, तान्हं मूल घेताना होल्ड. उलटं केलंत तर दोन्हीकडे वाट लागेल," असं त्या अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत. मी घरी भांडुपला येऊन हे सगळं हातवारे करत घोकायचे. आई बघत राहायची आणि म्हणायची, "थंय तू इंग्रजी शिकतंस काय कुस्ती गो?"

क्लच हा शब्द आला त्या दिवशी मंगलनं सरळ आपल्या केसांतला क्लच काढून टेबलावर ठेवला. मंगल घरी पार्लर चालवायची, तिला तोच क्लच माहीत. आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो उचलून निरखून पाहिला. "बरोबर आहे मंगलचं. हा केस कसे धरतो? सुटले तर गेले, अशा भीतीनं. गर्दीत आपण पर्स छातीशी धरतो ना, तसं." तेव्हापासून मंगल वर्गात न घाबरता बोलायला लागली.

मी पुन्हा मुलाखतीला गेले. समोर तिघं होते. एकानं विचारलं, पक्षाघाताची शंका असेल तर रुग्णाचे हात कसे तपासाल? नेहमीप्रमाणे शब्द पळालेच. पण माझे हात आपोआप टेबलावरून पुढे गेले, रोज रुग्णापुढे करते तसे, आणि त्यांच्यामागून शब्द आले. "होल्ड माय फिंगर्स. नाऊ स्क्वीझ. बोथ हँड्स. नाऊ लेट गो." विचारणारे डॉक्टर म्हणाले, "गुड." मला नोकरी लागली.

पेढे घेऊन गेले तर बाईंनी आधी सगळी मुलाखत करून दाखवायला लावली. मग म्हणाल्या, "लेट गो आठवलं, हे छान झालं. धरायला सगळेच शिकतात."

नोकरी लागल्यावरही सुट्टीच्या दिवशी मी वर्गाला जात राहिले. तिथे बरं वाटायचं. अशाच एका दुपारी बाईंनी दारात माझा हात घेतला. "आज कोणता?" मी वाट बघत होते. त्यांची बोटं माझ्या हातात नुसती पडून होती.

"बाई, धरा ना."

"धरलाय की. ग्रिप आहे, ओळखत नाहीस?" शब्द जरा घसरत आले.

मी दोन्ही हात पुढे केले. "बाई, स्क्वीझ." डाव्या हातानं माझी बोटं करकचून दाबली. उजव्यात काहीच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना कळलं. मंगल रिक्षा थांबवायला धावली. रिक्षात त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या होत्या. मी जवळच्या मोठ्या रुग्णालयात फोन करून आम्ही निघालोय म्हणून सांगितलं. फोनवरचा माझा आवाज नर्सचा होता.

वेळेत आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. हात हळूहळू परत आला, उजवा पाय थोडा मागे राहिला. नाशिकहून लेक आली, तिनं आईला घेऊन जायचं ठरवलं. बाईंनी आठवडाभर वाद घातला आणि एका सकाळी स्वतःच मिसळणाचा डबा कागदात गुंडाळायला घेतला. निघताना आम्ही सगळ्या गेटपाशी रडत होतो. बाई गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "एकमेकींशी मराठीत बोललात तर मला कळेल हं."

परवा फोन केला. नाशिकला लेकीच्या सोसायटीत त्यांनी बायका जमवल्याच आहेत.

"आता चालण्याचे शब्द घेतलेत," त्या म्हणाल्या. "मार्च, पाय घासत शफल, लंगडत लिंप. सगळ्या हॉलभर चालत असतात. जावई वैतागलाय."

"आणि तुम्ही?"

"लिंपला मला काही करावंच लागत नाही. नुसती उठते, त्यांना कळतं. स्ट्रोल, रमतगमत फिरणं, तेवढं अजून जमत नाही." मागून कुणीतरी बाईंना हाक मारली. "दिवाळीपर्यंत जमवते. तू ये, आपण दोघी गोदावरीवर जाऊन करू."