झाईच्या किनाऱ्यावरचा एक उधार टॉवर

बारावीनंतर मी नर्सिंगचा ऑनलाइन अर्ज भरला होता. आमचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटाशी. यादीत नाव लागल्याचं कळलं तेव्हा मी झाईला मावशीकडे होते. दुपारी कॉलेजातून फोन आला, "तुमचा जातीचा दाखला अस्पष्ट दिसतोय. पाच वाजेपर्यंत पुन्हा अपलोड करा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल."

कागदांची फाईल सोबतच होती. दाखल्याचा नवा फोटो काढला. पण माझ्या फोनवर टूजी. कोपऱ्यात इंग्रजी ई दिसायचा, पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबायची आणि पान पुन्हा पहिल्यापासून उघडायचं. त्यात झाई म्हणजे अगदी सीमेवर. मध्येच फोन गुजरातचा टॉवर पकडायचा, स्वागताचा मेसेज यायचा आणि नेट बंद पडायचं. मावशी म्हणाली, "सीमेपासून लांब जाऊ, आपला टॉवर मिळेल." आम्ही किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत सुटलो. ई आला, पण पट्टी हलेना. चार वाजून गेले, तशी मी वाळूतच बसले आणि रडायला लागले.

जवळच एक बाई बांबूच्या वलाणीवर बोंबील वाळत घालत होती. मावशीच्या तोंडओळखीची. तिने हात पुसत विचारलं, "पोरीला काय झालं?"

मावशीने सगळं सांगितलं. बाईने कमरेच्या पिशवीतून फोन काढला. "माझ्याकडे गुजरातचं कार्ड आहे. लेक तिकडे दिली ना, म्हणून. माझं नेट इथे जोरात पळतं. बघ याच्यावर होतंय का."

तिच्या फोनवर थ्रीजी होतं. मी हॉटस्पॉट सुरू करणार, तोच ती सहज म्हणाली, "पॅक संपत आलाय हां. लेकीला मुलगी झालीय, संध्याकाळी व्हिडिओवर दाखवणार होती. म्हणून जपून ठेवलाय."

माझा हात थांबला. "काकी, मग नको. माझ्या पानाने सगळा खाल्ला तर?"

"खाऊ दे. नात काय पळून जातेय? तुझे पाच वाजतील."

मी फोन जोडला. पान भरभर उघडलं. असं उघडलेलं मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्यांदा फोटो मोठा आहे म्हणून परत आला. तो लहान केला, तर लॉगिन सुटलं. तिसऱ्यांदा हिरव्या अक्षरांत 'स्वीकारले' असं आलं. मी ते मोठ्याने वाचलं. मावशीने मला मिठी मारली. तेवढ्यात बाईचा फोन वाजला. मेसेज गुजरातीत होता. तिने तो वाचला आणि हसून फोन पिशवीत टाकला. "संपला. पण तुझं काम झालं ना?"

मी तिच्या पाया पडले. तिचे हात मासळीचे, म्हणून डोक्यावर ठेवायला ती संकोचली. मीच ते ओढून घेतले.

आज मी आमच्याच भागातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन झाईला गेले. तिला मी आठवत होते, पण त्या दिवसाचं तिला काहीच विशेष वाटत नव्हतं. नातीला तिने दुसऱ्याच दिवशी पाहिलं म्हणे, शेजाऱ्यांच्या फोनवर. मला मात्र इतकी वर्षं वाटत होतं की मी तिची ती संध्याकाळ हिरावून घेतली. ते मी बोलूनही दाखवलं.

"वेडी का तू," ती म्हणाली आणि मला बसायला पाट दिला. मग बराच वेळ आम्ही तिच्या नातीबद्दल बोलत बसलो. ती आता शाळेत जाते, आणि आजीशी गुजरातीतच भांडते.