धनीबाईची काशाची वाटी

केनवडच्या पलीकडच्या तांड्यात धनीबाईला आधी राग यायचा, मग जाग. डोळे उघडायच्या आत तिच्या नाकातून ‘हूंऽऽ!’ असा हुंकार निघे आणि शेजारची रामीबाई चुलीपुढून म्हणे, “उठली वो काकी. आज कोनाचं खरं नाई.”

या रागाचं मूळ तिच्या जिभेत होतं. तांड्यात लग्न निघालं की गूळ आणि बाभळीची साल पाण्यात भिजवून मडकी जमिनीत पुरत. आठ-दहा दिवसांनी त्यातून तांबूस, कडसर, फेसाळ पेय निघे. सगळे त्याला नुसतं ‘लाल’ म्हणत. सरकारची बंदी होती, म्हणून मडकी कडब्याच्या गंजीआड. ते लाल पाहुण्यांपुढं जाणार की मातीत, हे धनीबाई ठरवायची. त्यापायी विसाव्या वर्षी तिनं तंबाखू सोडली होती. सगळा तांडा दिवसभर तंबाखू चघळतोय आणि आपणच तेवढं कोरडं तोंड घेऊन बसायचं, याचा सूड ती गेली तीस वर्षं तांड्यावर उगवत होती.

चव घ्यायच्या दिवशी ती सकाळपासून मिरचीला शिवत नसे. कोरडी भाकर चावून चावून तोंड पुसून घेई. मग काशाची वाटी यायची. पितळेत रंग खोटा दिसतो आणि मातीच्या भांड्यात दिसतच नाही, म्हणून काशाचीच. वाटी उन्हात धरायची; रंग काकवीच्या कडेसारखा हवा. मग नाक, ओल्या सालीचा वास आधी, गुळाचा मागाहून. मग घोट, आणि तो जिभेवर धरून ठेवायचा.

“गोड आधी आलं पायजे, कडू मांगून,” ती म्हणायची. “सासरा कसा आधी खाकरते, मंग घरात येते! न खाकरता घुसलं त समजा, कोनंतरी कडूलिंब टाकला.” आणि सासरा कसा खाकरतो तेही करून दाखवायची.

लाल पसंत पडलं की ती वाटी रिकामी करी. नाही पडलं की ओतून देई. घरधन्याला हा निकाल मान्य नसेल तर त्यानं तीच वाटी भरून सगळ्यांदेखत प्यायची, अशी रीत होती. तीस वर्षांत कोणी प्यायलं नव्हतं.

चोपन्न सालच्या वैशाखात तांड्याचा नायक रतनसिंग याच्या पोरीचं, सोनीचं, लग्न निघालं. सोनी जन्मली ती धनीबाईच्याच हातात. वऱ्हाड कामरगावाकडचं, आणि नवरदेवाचा आजा भाऊसिंग मानपानाला भलता कडक. एवढ्या-तेवढ्यावरून वरात परत नेणारा म्हणून त्याची ख्याती.

नायकाला खोटं बोलण्याआधी घसा साफ करायची सवय होती.

“खर्रर्र! काकी, लाल असं उतरलं म्हनतो, असं उतरलं!”

“कवा पुरलं होतं?”

“खर्रर्र! धा दिवस झाले ना.”

धनीबाई वाटी घासायला बसली. चारच दिवसांपूर्वी तिनं नायकाच्या छपरावर बाभळीची साल वाळत पडलेली पाहिली होती. पण निकाल वाटीनं द्यायचा असतो.

मांडवात पाहुणे बसले. धनीबाईनं वाटी उन्हात धरली. लाल होतं, पण पान खाऊन रंगलेल्या ओठांसारखं लालभडक. काथ! नाकाशी नेली तर सालीचा पत्ता नाही. तय्यब कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा जो वास नाकात चढतो, तो वास. तिनं घोट घेतला. कडू न खाकरता घुसलं.

तिनं पचकन थुंकलं.

पाहुण्यांच्या माना वळल्या. नायक तिच्या कानाशी वाकला. “काकी, पोरीकडं तरी पाह्य. सोयरे उठून चालले जातीन. गिळ ना वो एक घोट!”

सोनी पाटावर मान खाली घालून बसली होती. तिला पाहून धनीबाईनं वाटी पुन्हा ओठांशी नेली. आणि त्याच क्षणी, याच एका घोटासाठी हा माणूस पोरीला पुढं करतोय, हे कळून तिचा राग पार टाळूला भिडला.

तिनं वाटी काठोकाठ भरली आणि नायकापुढं धरली.

“माई जीभ म्हातारी झाली आसन. तुले पटत नसन त घे, पी.”

“खर्रर्र! मायं पोट जरा बिघडलं हाय.”

“सकाळी मायासंगं पाच भाकरी हानल्या,” भाऊसिंग पलीकडून म्हणाला, “तवा नोतं काय बिघडलं?”

नायकानं घसा साफ केला. पुन्हा केला. वाटी काही घेतली नाही.

“पेत नाई ना?” धनीबाई कडाडली. “ठावं हाय तुले आत काय हाय ते! पाहुन्याच्या पोटाले कल्हई करतं काय बे? मानसं हायेत का भगोनी? अन् मले म्हनतं गिळ! तीस वर्सं तंबाखूची चिमूट नाई लावली या जिभीले, ते तुया नवसागरासाठी?”

कोपऱ्यातलं मुसळ उचलून तिनं मांडवात आणलेली तिन्ही मडकी फोडली. लाल ओघळ मांडवाबाहेर गेला. दावणीचा बैल हुंगायला वाकला आणि शिंकला.

आता भाऊसिंग उठला. सोनीच्या आईनं पदर तोंडात धरला. म्हातारा सावकाश धनीबाईपर्यंत आला.

“लय तहान लागली वो बाई. पानी त असन?”

धनीबाईनं वाटी घासली, विसळली, रांजणातून पाणी घेतलं. सवयीनं आधी स्वतः चाखलं.

“गाळलं नाई बराबर,” ती गुरगुरली. “पन खोटं नाई. घ्या.”

भाऊसिंग वाटीभर पाणी प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, “वाजवा रे, लगन लावा.” सोनीचं लग्न गुळाच्या खड्यावर आणि पाण्यावर लागलं.

नायक नऊ-दहा महिने धनीबाईशी बोलला नाही. होळीच्या आधी मात्र तो स्वतः मडकं घेऊन तिच्या दारात उभा राहिला. घसाही साफ केला नाही.

“बारा दिवस झाले, काकी.”

तिनं वाटी उन्हात धरली. हुंगली. घोट जिभेवर इतका वेळ धरला, की रामीबाईची भाकर करपली. मग तिनं अर्धी वाटी प्यायली, अर्धी नायकाच्या पायाशी ओतली आणि दार लावून घेतलं.

असा निकाल तांड्यात कोणी पाहिला नव्हता. नायक ओल्या मातीकडं बघत उभा राहिला. आतून आवाज आला, “साल चांगली हाय! दोन दिवस अजून पूर. अन् हालतं तिथून, का मुसळ आनू?”