स्कर्टाचं गाऱ्हाणं

माझ्या नवऱ्याकडे पाच स्कर्ट आहेत आणि माझ्याकडे एकही नाही. हे वाक्य मी कुठेही बोलले की समोरचा माणूस आधी हसतो, मग मी हसायची वाट बघतो आणि मी हसत नाही म्हटल्यावर विषय हवापाण्यावर नेतो. त्या माणसाचं नेमकं काय दुखतं हे मला अजून कळलेलं नाही. विचारायची फार खुमखुमी असते, पण नवरा मला कोपराने ढोसतो.

तो कोल्हापूरचा, लाकडी फर्निचर बनवणारा. एका मे महिन्यात वर्कशॉपमध्ये उभं राहून राहून जीन्सने त्याच्या मांड्या घामोळ्यांनी भरल्या, म्हणून त्याने स्वतःच मशीनवर एक स्कर्ट शिवला. जाड सुती कापड, गडद निळा, गुडघ्याच्या खाली जाणारा, चांगल्या दाबलेल्या चुण्यांचा. घामोळं गेलं, स्कर्ट राहिला. मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत कपाटांची मापं घेताना. त्याने स्कर्टाच्या खिशातून टेप काढली, मग पेन्सिल, मग बिजागरी, मग शेंगदाण्याच्या चिक्कीचं अर्धं पाकीट. मी जन्मभर बिनखिशाचे कपडे घातलेली बाई. मला आधी त्या खिशांचा हेवा वाटला आणि आठवड्याभरात खिशांच्या मालकावर जीव जडला. दोन्हींत फार अंतर नव्हतं.

अडचण एकच होती, बाबा.

बाबा आमच्या गावच्या हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. आमचं गाव मालवणी मुलखात, मसुऱ्याजवळ. तिथे निम्मा गाव दिवसभर लुंगीत नाहीतर पंचात असतो, पण बाबांची शाळा सुटली तरी पँट सुटली नाही. रोज पहाटे ते स्वतः पँटीला इस्त्री करतात, अशी की तिच्या धारेवर भेंडी चिरावी. आईने नव्या नवरीच्या दिवसांत त्यांची एक टेरिकॉट पँट जाळली होती. तेव्हापासून त्या इस्त्रीला घरातलं दुसरं कुणी हात लावत नाही.

आणि बाबांच्या होकाराशिवाय मला लग्न करायचं नव्हतं. पळून जायला मी घाबरले असते असं नाही, पण बाबांना टाळून मी सुखी झाले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी फोनवर त्यांना सगळं सांगितलं, त्याचं शिक्षण, धंदा, घरची माणसं, अगदी चष्म्याचा नंबरही. स्कर्ट तेवढा सांगायचा राहिला.

"पहिल्या दिवसापुरती पँट घाल ना," मी त्याला म्हटलं.

"आयुष्यभर येणाराय मी तुमच्याकडे," तो म्हणाला. "सुरुवातच सोंगाने कशाला?"

मला त्याचा इतका राग आला आणि तो इतका आवडला, की कणकवलीपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही आणि त्याचा हातही सोडला नाही.

आम्ही रिक्षातून अंगणात उतरलो. आई पायरीवर उभी होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "रंग बरो आसा गो." बाबा ओटीवरून उठले, त्यांची नजर स्कर्टाच्या काठावर थांबली, आणि ते म्हणाले, "या. आपला प्रवास व्यवस्थित झाला ना?"

आई आणि मी एकमेकींकडे बघितलं. घरात बाबा मालवणी बोलतात. शुद्ध मराठी ते फक्त चिडल्यावर काढतात, आणि "आपला" म्हणजे तर फारच झालं.

माझी सगळी आशा काकांवर होती. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, शेजारच्या घरातले. तीस वर्षं त्यांनी दशावतारात राण्यांची कामं केलीत. त्यांच्या पदराच्या झोकावर अख्खी वाडी फिदा. म्हटलं, हा माणूस तरी आपल्या बाजूने उभा राहील.

"काका, तुमी तरी सांगा बाबांका."

"मी? मी साडी नेसतंय ती कामाक. काम झाला की लेंगो! ह्यो सदांच नेसता!"

"आनि ही तुमची लुंगी?"

काकांनी लुंगीकडे बघितलं. तिचा असा प्रश्न निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "लुंगी दुमडूक येता," ते शेवटी म्हणाले. "दुमडूक येता ती बापयाची, बायलमाणसाची नाय. समाजला?"

दुसऱ्या दिवशी आईचा हंडा विहिरीत पडला. माझा कोल्हापूरकर उठला, स्कर्टाचा घेर दोन्ही हातांनी उचलून कमरेला खोचला, आणि गळ टाकून हंडा वर काढला. काका कुंपणाजवळ उभे होते. त्यांनी बघितलं, आपली लुंगी दुमडली आणि घरात निघून गेले.

तोवर वाडीतल्या बायकांची रांग लागली होती. कुणाला विरजण हवं होतं, कुणाला कोयती. सगळ्या ओटीवर येऊन त्याच्या स्कर्टाकडे बघत बसायच्या. एका वहिनीने धीर करून कापडाला हात लावला, मग खिशात हात घातला, आणि तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. तिने आमच्या पडवीतला एक सोललेला नारळ उचलला आणि खिशात टाकला.

"गो बाय माझे! हेच्यात नारळ ऱ्हवता!"

त्यानंतर त्याला दोन स्कर्ट शिवून द्यायच्या ऑर्डरी मिळाल्या. मी हसून हसून लोळायची बाकी होते. बाबा मात्र पेपर वाचत होते, तोही कालचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना ते म्हणाले, "उद्या सकाळी देवळात गाऱ्हाणं घालणार आहे. यांनाही घेऊन चला. आहेत त्याच वेशात."

मी हातातला घास ताटात ठेवला. आमच्याकडे लग्नाची बोलणी करायच्या आधी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. घरचा कर्ता माणूस मोठ्याने सगळं देवाच्या कानावर घालतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडतात. एकदा तिथे बोललं ते बोललं, मग त्यात फेरफार नाही. आमच्या वाडीत हे काम चाळीस वर्षं बाबांकडे आहे, आवाज शाळेत कमावलेला. जेवणानंतर मी स्वयंपाकघरातून त्यांना आईला सांगताना ऐकलं, "मला हे पटत नाही, आणि हे मी देवासमोरही स्पष्ट सांगणार आहे."

मी मागच्या दारी गेले आणि पोटभर रडले. मग तोंड धुऊन त्याला म्हटलं, उद्या निळाच घाल, निदान हरायचं तर चांगल्या कपड्यात. निळा पडवीत खुंटीला टांगलेला होता, बॅगेत तीन दिवस चुरगळून पार पोतेरं झालेला.

सकाळी तो बाहेर आला तेव्हा मी बघतच राहिले. चुणी न् चुणी सरळ, कापड कडक. तो आईला म्हणाला, "आई, इस्त्रीबद्दल थँक्यू हां." आई जास्वंदी परडीत भरण्याच्या गडबडीत होती, तिने नुसती मान हलवली. मला वाटलं, बिचारी, बाबांची इस्त्री चोरून आपल्यासाठी केवढं धाडस केलंन हिने!

देवळात पंधरा-वीस माणसं जमली होती. बाबा सोवळ्यात, गुरव पंचात, काका लुंगीत, तो स्कर्टात. दोन पायांना दोन नळ्या असलेली सबंध देवळात मी एकटी, सलवारीत. तशा वेळीही हे माझ्या ध्यानात आलं आणि मला हसू फुटलं. आईने चिमटा काढला.

बाबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या लेकराचा चेडू एका झीलाक घेवन तुझ्या पायार इला आसा!" चेडू मी, झील तो.

"व्हय म्हाराजा!"

"झील शिकलेलो आसा, कामाचो आसा, पण घागरो नेसता!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझ्या शेजारून आला, अस्सल कोल्हापुरी.

"माका ता पटना नाय!"

"व्हय म्हाराजा!"

बाबा थांबले. त्यांनी श्वास घेतला. मी डोळे मिटले.

"तरी म्हाराजा, काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल! ह्या दोघांका एका मांडवात आण! हेंचो संसार सुखाचो कर! आनि जो कोण आडो येयत तेका बाजूक कर!"

"व्हय म्हाराजा!"

गाभाऱ्यात आवाज घुमला. प्रत्येकाला उशिरा कळलं की आपण कशाला हो म्हटलं.

"ह्या काय केलंस?" काका कुजबुजले.

"जिभेची सवय," बाबा रागाने म्हणाले. "चाळीस वर्षं शेवट हाच म्हणत आलो. आपोआप वळली."

"मग उलटा गाऱ्हाणा घाल!"

गुरवाने मान हलवली. "दिलेला गाऱ्हाणा परत घेवची रीत नाय." त्याने नारळ फोडला, आणि मी देवळाच्या पायऱ्या एकदम तीन-तीन उतरले.

लग्न झालं. वर्षभर मी ही गोष्ट कोल्हापुरात दिसेल त्याला सांगत सुटले, की माझं लग्न बाबांची जीभ घसरल्यामुळे झालं. लोक पोट धरून हसायचे. मीही.

गेल्या महिन्यात एका प्रदर्शनासाठी मी त्याच्या निळ्या स्कर्टाला इस्त्री करत होते. चुण्या काही केल्या बसेनात. तो म्हणाला, "तुझ्या आईसारखी कुणाला जमत नाही." मी चिडून आईला फोन लावला, म्हटलं, त्या दिवशी तू कशी केलीस ते एकदा सांग.

"मी?" आई म्हणाली. "गो, त्या इस्त्रीक माझो हात तरी लागता काय? माका वाटला, तूच केलंस."

मी इस्त्री उभी करून ठेवली आणि तशीच खुर्चीवर बसले. मग म्हटलं, बाबांना दे.

"काय गो?" बाबा म्हणाले.

विचारायचं खूप होतं. मी एवढंच विचारलं, "बाबा, स्कर्टाक इस्त्री करताना चुणी आतसून दाबूची की भायरसून?"

पलीकडे पेपराची घडी घातल्याचा आवाज आला.

"आतसून," बाबा म्हणाले. "आधी पाणी शिंपड. आनि तेका सांग, इस्त्रीक देताना खिसे रिकामे करून देत जा म्हणान. त्या दिवशी पेन्सिल इली माझ्या इस्त्रीखाली."