सुधाकरचे झेले

शेवटचं भेटलो तेव्हा सुधाकर रत्नागिरीला इस्पितळात होता. मूत्रपिंडं थकली होती, चेहरा सुजला होता. मला पाहताच त्याने विचारलं, "हेदवीच्या गिऱ्हाइकाचे झेले पोचले काय रे?" पोचले म्हटल्यावर त्याने समाधानाने डोळे मिटले. चौथ्या दिवशी देवरूखला शाळेत होतो, तेव्हा त्याच्या आईचा फोन आला. "गेला रे आपला सुध्या..." काकी एवढंच बोलल्या. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

आम्ही एका वाडीतले, शाळेत एका बाकावरचे. बारावीनंतर मी डी.एड.ला गेलो आणि तो बागांमधून आंबे काढायला. झाडावर चढण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. बाविसाव्या वर्षी, हंगाम संपता संपता, फांदी मोडली आणि तो खाली कातळावर आदळला. कमरेखालचं अंग गेलं ते कायमचंच. दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी गेलो तरी वळायचा नाही. पुढे निराधार योजनेतून त्याला दरमहा अनुदान सुरू झालं. वडील आधीच वारलेले; त्या घरात भरवशाचं असं तेवढंच होतं. काकी त्याचं पासबुक देवाजवळ ठेवायच्या.

त्याला भेटायला आलेला एक बागायतदार बोलता बोलता आपल्या झेल्याला शिव्या घालू लागला. झेला म्हणजे आंबा काढायची लांब काठी. टोकाला लोखंडी कडी, कडीला जाळी आणि तोंडाशी पातं. आंबा देठासकट कापला जाऊन जाळीत पडायला हवा. देठ तुटला तर चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो. "उद्या आणून द्या मला," सुधाकर म्हणाला. दोन वर्षांत त्याने आपणहून मागितलेली ती पहिली वस्तू असावी. त्याने पात्याचा कोन बदलला, जाळी उसवून मऊ सुताची विणली, वाकलेला बांबू निखाऱ्यावर शेकून सरळ केला. आठवड्याने बागायतदार आणखी पाच झेले घेऊन हजर झाला.

मग तो नवेच करू लागला. जमिनीवर बसून, दोन्ही मांड्यांवर गोणपाट टाकून. मांड्यांना काही कळत नसल्यामुळे एकदा निखारा पडून खोल जखम झाली, ती भरायला तीन महिने गेले. मी म्हटलं, "आता पुरे कर." तो म्हणाला, "मी झाडावरून पडलो नि बसलो. आता जो खाली उभा राहून आंबा काढेल, तो तरी पडणार नाय ना?"

खरा प्रश्न उभा राहिला, अनुदान चालू ठेवायला लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी. काकी हट्टालाच पेटल्या. "लिही, काय मिळत नाय म्हणून. कोण बघतंय?"

"आई, अंगणभर बांबू पडलेत. येणारा आंधळा हाय काय?"

"धंद्याचं काय सांगावं! उद्या तू आजारी पडलास तर? ते पैसे तरी येतायत..."

काकींचं चुकत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. रात्रभर जागा होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. सकाळी रिक्षाने तहसील कचेरीत आला. पायऱ्या मी त्याला पाठुंगळी घेऊन चढलो. कारकुनाने अर्ज वाचला आणि हळू आवाजात म्हणाला, "एवढं उत्पन्न दाखवलंत तर अनुदान बंद होईल. विचार करा."

"दाखवलंय कुठे? आहे ते लिहिलंय." मग थोडं थांबून सुधाकरने विचारलं, "धंदा बसला तर परत अर्ज करता येईल ना?"

"येईल की."

"मग झालं."

काकींनी मात्र त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. पुढे एकदा शेजारीण विचारायला आली, अनुदान जमा झालं का म्हणून. काकी पलीकडच्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमचं बंद झालं. सुधाकरचं उत्पन्न वाढलं ना!" आत बसलेला सुधाकर हसून हसून बेजार झाला.

त्याने कोणाला कधी अनुदान सोडायला सांगितलं नाही. उलट आजूबाजूच्या गावांतली अपंग माणसं त्याच्याकडे यायची, तेव्हा तो आधी त्यांचा अर्ज भरून द्यायचा. "ते तुझ्या हक्काचं हाय, लाजायचं नाय," म्हणायचा. अर्ज झाला की विचारायचा, "आता सांग, हाताला काय येतं?" ऐकू न येणाऱ्या शारदाला त्याने असंच विचारलं होतं, खुणा करून. तिने टोपलीतलं क्रोशाचं विणकाम दाखवलं. तेव्हापासून सगळ्या जाळ्या तीच विणते, मजुरीवर नव्हे, भागीदारीत.

परवा त्याच्या खोलीत गेलो. उभ्याने पाहिलं तर खोली अर्धी रिकामीच वाटते. भिंतींचा वरचा भाग कोरा. "खाली बस," काकी म्हणाल्या. बसलो, आणि हात पसरताच सारं हाताशी आलं : खिळ्यांना अडकवलेल्या कड्या, पात्यांचा डबा, दिव्याचं बटण, पाण्याचा तांब्या. समोर शारदा मान खाली घालून विणत होती. तेवढ्यात फोन वाजला. काकींनी तो घेतला, पलीकडचं ऐकून घेतलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "होय, सुधाकरचंच हे. चालू हाय. किती हवेत?"