मायनस नाइनवाले सर

कुणावर लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. शिवाय ज्यांच्यावर लिहितोय त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर नाही. दोन्हींबद्दल माफी असावी.

"सरका." हा त्यांचा शब्द. कर्वेनगरातल्या एका डीटीपी ऑफिसात मी कॉलेज सांभाळून काम करायचो, तिथले ते मुख्य. कुणाच्या मॅक कॉम्प्युटरवर काम अडकून रंगीत चक्री फिरू लागली की सर चहाचा कप घेऊन यायचे. माणसाला उठवायचे, टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडायचे, अडकलेल्या प्रोग्रॅमचा नंबर शोधायचे आणि टाइप करायचे : किल, मायनस नाइन, नंबर. एंटर. "मेला," म्हणून चहाचा घोट.

नुसतं किल दिलं तर प्रोग्रॅमला आवरून घ्यायला वेळ मिळतो; मायनस नाइनने तो मिळत नाही. एवढं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. एकदा भीत भीत म्हणालो, "सर, आधी साधं किल देऊन बघू या का?"

"अरे वा! प्रोग्रॅमला अहो-जाहो करणार आपण? पान-सुपारी पण देऊ या."

सगळे हसले. सरांना हसणारी माणसं लागायची.

ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या म्हणजे ताई. बिबवेवाडीहून यायच्या. एका शाळेच्या चित्रांच्या पुस्तकाची पानं त्या लावत होत्या, दुसऱ्या दिवशी छापायला जायचं होतं. दुपारी त्यांनी सेव्ह केलं आणि चक्री फिरू लागली.

"सरका."

"अहो सर, सेव्ह होतंय. फाइल मोठी आहे. दोन मिनिटं थांबा."

"ताई, मेलेल्याच्या उशाशी बसायचा पगार नाही मिळत आपल्याला."

एंटर. जुन्या फाइलीवरच नवी लिहिली जात होती. ती अर्ध्यात तुटली आणि पुन्हा उघडलीच नाही. सरांनी मालकांना शांतपणे सांगितलं, "सेव्ह करायची सवयच नाही हो यांना." मी मालकांना खरं काय ते सांगायला गेलो. ते म्हणाले, "तू आधी पदवी घे."

ताईंना काढलं. सर पुढे मोठ्या आयटी कंपनीत गेले. निरोपाच्या दिवशी ते झटपट निर्णयावर बोलले. केक मात्र सावकाश खाल्ला.

परवा मंडईत ताई भेटल्या. आता त्या घरूनच कामं घेतात. त्यांच्याकडून कळलं की सरांच्या कंपनीने माणसं कमी केली. सकाळी सर कामावर गेले तर गेटवर कार्ड चालेना. आत त्यांच्या कॉम्प्युटरवर मुलीच्या लहानपणचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. सर वॉचमनला म्हणत राहिले, "अहो, दोन मिनिटं आत सोडा."

नाही सोडलं.

"बरं झालं," मी म्हणालो. "पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच फोन केला. मुलीच्या वाढदिवसाचा अल्बम मी लावला होता ना मागे? त्यातलं काही उरलंय का, म्हणून." ताईंनी मेथीची जुडी पिशवीत घातली. "सीडी ठेवलेली आठवतेय. माळ्यावर असेल. कालपासून शोधतेय."