अण्णा आणि घामट हात

अण्णांच्या घरी पाण्याच्या तांब्याआधी हुकूम यायचा, "हात बघू आधी!" जावई असो की तलाठी, तळवे पुढे करावेच लागत. घामट निघाले की त्याची खुर्ची बंदुकीच्या कपाटापासून लांब सरकायची. मी शेजारी, माझी पिठाची चक्की, म्हणून मी पास व्हायचो. "तुजं हात कोरडं हायती," अण्णा म्हणायचे, "मनाचं म्हाईत न्हाई."

अण्णा फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन जतजवळच्या आमच्या गावी आले, रानडुकरांपासून ज्वारी राखायला परवान्याची जुनी दुनळी बंदूक घेतली आणि ज्वारीपेक्षा तिलाच जास्त राखलं. नळ्यांचा निळसर काळा रंग ते घरीच चढवत. आधी चुन्याने घासून तेलाचा अंश काढायचा, मग मुद्दाम गंजू द्यायचं आणि पाण्यात उकळायचं. तांबडा गंज काळा पडतो. तो तारेच्या ब्रशने झाडून पुन्हा तेच, मनाजोगता रंग येईपर्यंत. शेवटी तेल. "गंजानंच गंज अडवायचा," ते डोळे बारीक करून सांगत, "चोरालाच राखनीला बशिवलाय म्हन की."

निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. तिथे अण्णा हवालदाराचेसुद्धा तळवे बघत. मागच्या निवडणुकीनंतर त्यांनी ती घरी आणून नवा रंग चढवला आणि थोड्याच दिवसांत नळीवर घामट बोटांचे गंजलेले तांबडे ठसे उमटले. मुलगा पुण्याला कंपनीत, घरात सासरा आणि सून सुरेखा एवढीच माणसं. अण्णांनी लगेच निकाल दिला.

"कपाट तूच उगडलंस."

"देवाशपत न्हाई, मामंजी!"

"घाम शपतंनं पुसत न्हाई."

त्यांनी तिच्या हातचं जेवण सोडलं. तिने पिशवी भरली आणि मला म्हणाली, "भावजी, आज बंदुकीचा आळ, उद्या आनि कशाचा? मी म्हायेरला चालले."

मला अण्णांचा भयंकर राग आला. "ठशालाच विचारू," मी म्हणालो. रंगाचा नमुना म्हणून ठेवलेली एक लोखंडी पट्टी त्यांच्याकडे होती. तिघांनी तिच्यावर अंगठे टेकवले, शेजारी खडूने नावं लिहिली. सुरेखा थांबली, पण पिशवी तिने उंबऱ्याजवळच ठेवली.

चार दिवसांनी पट्टीवर एकच अंगठा तांबडा उमटला. अण्णांचा. अलीकडे जडलेल्या आजारामुळे त्यांच्या हातांना घाम सुटू लागला होता आणि गावभर हात तपासणाऱ्या माणसाने स्वतःचे कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी स्वतःचे तळवे उलटून बघितले. मग कपाटाची किल्ली त्यांनी सुरेखापुढे सरकवली.

"पोरी, ह्या हातांवर आता माजा इश्वास न्हाई. हितनं फुडं तूच पूस तिला. आनि भाकरी वाढ. लय भूक लागलीया."

यंदा अण्णा गेले. परवाना त्यांच्याच नावचा, त्यामुळे बंदूक कायमची जमा करायला सुरेखाबरोबर मी ठाण्यात गेलो. नळ्यांवर डाग म्हणून नव्हता. हवालदाराने सहज हात पुढे केला, तशी सुरेखाने बंदूक झटकन मागे ओढली.

"थांबा सायेब. हात बघू आधी!"